माननीय सदस्य, चिंचसांगवी

सरांनी मला माझ्या नावानं कधी हाक मारली नाही. मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी मुख्याध्यापकांनी आमची ओळख करून दिली. सरांनी माझं नाव नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, गाव कोणतं? मी नांदेड म्हणाले. बरं, म्हणाले, आणि त्या क्षणापासून मी त्यांच्यासाठी 'माननीय सदस्य, नांदेड' झाले. मी गणिताची बाई. पहिल्यांदा मला वाटलं की म्हातारा शहरातून आलेल्या पोरीची टर उडवतोय. मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आमची शाळा उदगीरहून बसनं पाऊण तासावर. कर्नाटकाची सीमा इतकी जवळ की पोरं मराठीत भांडायला सुरुवात करत आणि कानडीत संपवत. सर इतिहास आणि इंग्रजी शिकवायचे. त्यांचा वर्ग पाहिल्यावर मला कळलं की माझी एकटीची टर उडत नव्हती. वर्गातले बाक फळ्याकडे तोंड करून नव्हतेच. निम्मे डाव्या भिंतीला, निम्मे उजव्या भिंतीला, समोरासमोर, आणि मधे मोकळी जागा. विलायतेच्या पार्लमेंटात दोन्ही बाजूंच्या मधे दोन तलवारींचं अंतर ठेवतात म्हणे, म्हणजे कुणी कितीही तापला तरी समोरच्यापर्यंत पातं पोचू नये. आमच्याकडे तलवारी कुठल्या? शिपाईमामांच्या दोन केरसुण्या टोकाला टोक लावून सर दर सोमवारी ते अंतर मोजून घेत. मामांना हे काम भारी आवडे. केर काढायला मात्र ते कुरकुर करत.

त्याच पार्लमेंटात म्हणे एकमेकांना नावानं हाक मारायची पद्धत नाही. अमुक गावचे माननीय सदस्य, असंच म्हणायचं. सरांनी ती पद्धत हजेरीला लावली. "माननीय सदस्य, शेल्हाळ?" की पोरगं उभं राहून म्हणे, "हाजिर." एका गावची चार पोरं असली, जशी हाळी गावची, की हाळी एक, हाळी दोन. काही घरं ऊसतोडीला जायची, दिवाळीनंतर ती पोरं वर्गातून नाहीशी व्हायची. पण सर रोज त्यांचंही गाव पुकारत, क्षणभर थांबत, आणि मग पुढं जात. त्यांच्या जागेवर दुसऱ्या कुणाला बसू देत नसत. मी एकदा माझ्या तासाला तिथं दुसरी मुलगी बसवली, तर मला मधल्या सुट्टीत बोलावून सांगितलं, की सदस्य बाहेरगावी गेला म्हणून जागा रिकामी होत नसते. पाच महिन्यांनी पोरगं परत आलं की गुपचूप आपल्या जागेवर जाऊन बसे, आणि गाव पुकारलं की असं ओरडे की पलीकडच्या वर्गात ऐकू यावं.

गावात त्यांना पार्लमेंट सरच म्हणत. पांढरा सदरा, खिशाला दोन पेन, एक निळं, एक लाल. लाल पेन ते वह्या तपासायला कधीच वापरत नसत. ते कशाला होतं, ते मला फार पुढं कळलं. बायको आमच्या ओळखीच्या आधीच वारलेली, मूलबाळ नाही. शाळेजवळ भाड्याच्या खोलीत राहायचे. मधल्या सुट्टीत भुईमुगाच्या शेंगा खायचे आणि टरफलं खिशात ठेवायचे, जमिनीवर एक पडू देत नसत. संध्याकाळी गेटाबाहेर येऊन खिसा झाडायचे, तेव्हा शेळ्या वाट बघत उभ्या असत.

एसटीतला त्यांचा तमाशा तर ठरलेला. शनिवारी शाळा सुटली की ते बसनं दोन थांबे पुढं जात. कंडक्टरला म्हणत, "एक चिंचसांगवी." त्या थांब्याचं नाव वसाहत फाटा. जुन्या कंडक्टरांना सवय होती, ते हसून फाडून देत. पण नवा असला की भांडण.

"मशीनमध्ये न्हाई सर ते गाव."

"मग मशीनमध्ये पाणी गेलं आसंल," सर म्हणत.

चिंचसांगवी पाण्यात गेली होती. सर दहावीत होते तेव्हा धरण झालं, आणि गाव धरणाच्या पोटात गेलं. काही घरांनी बोरगावच्या शिवारात दिलेल्या प्लॉटवर पत्रे ठोकले. ती पुनर्वसन वसाहत. बाकीची माणसं हैदराबाद, पुणे, नांदेड, लातूर, जिथं हाताला काम तिथं. सरांच्या वडलांना मिळालेल्या प्लॉटवर कधी काही बांधलंच गेलं नाही. त्यावर बाभळी उगवल्या.

आता विलायत कुठून आली ते सांगते. सर बी.ए. करत होते तेव्हा हैदराबादला मामाकडे गेले असताना फुटपाथवर त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. मागचं पुढचं कव्हर गायब. इंग्लंडातल्या डनिच नावाच्या एका मतदारसंघाचा इतिहास होता त्यात, आणि त्यानं पार्लमेंटात पाठवलेल्या सदस्यांची शतकानुशतकांची यादी. असलं पुस्तक उदगीरच्या माणसानं कशाला विकत घ्यावं? पण सरांनी उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं, आणि त्यात लिहिलं होतं की हे एक मोठं भरभराटीचं बंदर होतं, ते वादळावादळात समुद्रात गेलं. आज एक गल्ली, उद्या बाजार, मग एकेक करून चर्चं. शेवटी मूठभर घरं उरली. तरीही ते गाव पार्लमेंटात दोन सदस्य पाठवत राहिलं, थेट अठराशे बत्तीसपर्यंत. सर मला म्हणाले होते, "आमचं गाव जाऊन पाच वर्सं झालती. पान वाचलं अन् तिथंच फुटपाथवर खाली बसलो बगा."

त्या पुस्तकाची त्यांनी मराठीत वही केली होती. लांब, लाल कापडी पाठीची, हजेरीसारखी वही. चार रकाने. वर्ष, सदस्याचं नाव, कुणाचा कोण, आणि शेवटी शेरा. शेरे सरांचे स्वतःचे. मी ती वही पहिल्यांदा चाळली तेव्हा स्टाफरूममध्ये मोठ्यानं हसले होते. 'याचा बाप आधी होता. नंतर हा. नंतर पुतण्या.' 'लंडनमध्येच राहिला.' 'तोंड उघडलं नाही.' आणि पानापानांवर, एकाखाली एक, तोच शेरा, 'डनिचला आला नाही.'

त्यांना त्या गावाची माया होती, पण त्यांनी ते कधी चांगलं म्हणून शिकवलं नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. शेवटी शेवटी तिथली मतं दोन जमीनदारांच्या मुठीत होती आणि मोठमोठ्या शहरांना एकही सदस्य नव्हता, हे ते वर्गात स्पष्ट सांगत. कायद्यानं तो मतदारसंघ मोडला ते योग्यच झालं, असंही सांगत. पोरं विचारत, सर, माणसं होडीत बसून पाण्यावर मतं टाकायची का? सर म्हणत, "तसं सांगतेत लोक. पुस्तकात न्हाई. पुस्तकात न्हाई ते पेपरात लिवायचं न्हाई." एवढं सगळं शिकवून झाल्यावर ते खिडकीपाशी जाऊन उभे राहत, ते थेट तासाची घंटा होईपर्यंत.

एका वर्षी लातूर भागात पाण्याचा भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा धरण आटलं आणि चिंचसांगवी वर आली. म्हणजे काय आलं? भेगाळलेला गाळ, जोत्यांचे दगड आणि चावडीचा ओटा. सरांनी मुख्याध्यापकांच्या मागं लागून नववीची सहल तिथं काढली. पाण्याचे ड्रम मला सांभाळायचे होते, म्हणून मीही गेले. काठावरून चावडी समोर दिसत होती, सरळ चालत गेलं तर पाच मिनिटं. पण सर सरळ गेले नाहीत. थोडं चालले, डावीकडं वळले, पुन्हा उजवीकडं, एके ठिकाणी खाली वाकून गेले. पोरं हसायला लागली. मीही हसले असेन. मग लक्षात आलं की सर गल्लीनं चालले होते. जिथं भिंत होती तिथं ते वळत होते, आणि वाकले तिथं बहुधा कुणाच्या तरी दाराची ठेंगणी चौकट होती. हसणं आपोआप थांबलं. पोरं त्यांच्या मागं एका ओळीत, त्याच वळणांनी चालत गेली. मीही ड्रमची काळजी सोडून त्यांच्या मागं गेले.

ओट्यावर सरांनी अधिवेशन भरवलं. निम्मी पोरं इकडं, निम्मी तिकडं, मधे दोन केरसुण्या. मामांनी त्या न विसरता आणल्या होत्या. प्रत्येक सदस्यानं आपल्या गावच्या पाण्याबद्दल बोलायचं. एका मुलीनं सांगितलं की तिची आई रोज किती वेळा विहिरीवर जाते. दुसरा एक मुलगा बोलता बोलता रडला. सरांनी सगळ्यांची गावं पुकारली, आणि शेवटी स्वतःच म्हणाले, "माननीय सदस्य, चिंचसांगवी?" कुणीच उत्तर दिलं नाही. एकाही पोराला सुचलं नाही, आणि मलाही नाही. सरांनी हजेरीची वही मिटली. परत येताना बसमध्ये मला वाटत राहिलं की कुणीतरी बोलायला हवं होतं.

आता त्या लाल पेनाकडं येते, कारण माझी चूक तिथून सुरू होते. चूक म्हणावं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही.

शिक्षकांना मतदार यादीचं काम असतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बीएलओ म्हणतात. घरोघर जायचं, नव्यांची नावं घालायची, मेलेल्यांची आणि गाव सोडून गेलेल्यांची वगळायला लावायची. वसाहतीची यादी कित्येक वर्षं सरांकडं होती. तिचं शीर्षकच 'चिंचसांगवी'. गाव कागदावर आणखी कुठंच उरलं नव्हतं. ग्रामपंचायत बोरगावात गेली, शाळा गेली, पोस्टानं नाव काढलं, एसटीनं थांब्याला वसाहत म्हटलं. फक्त मतदार यादीच्या त्या चार पानांवर गाव होतं. सर निवृत्त झाले तेव्हा ते काम माझ्याकडं आलं. यादी माझ्या हातात देताना त्यांनी लाल पेनही दिलं. हे फक्त मेलेल्यांसाठी, म्हणाले. "मेलेलं मानूस एक दिवस जास्त ठेवायचं न्हाई. आन् जित्तं मानूस एक दिवस बाहेर ठेवायचं न्हाई. येवढंच हाय हे काम."

मी गणिताची. आणि पहिल्यांदाच असं काम हातात आलेलं. मी अंग मोडून केलं. उन्हातान्हात वसाहतीच्या प्रत्येक दारात गेले. तुळसाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्या "बर्री, कूडरी," म्हणजे या, बसा, असं म्हणून मला ओसरीत बसवत आणि कोणतं नाव कुणाचं ते सांगत. हा कुठं असतो? पुण्यात. आणि ही? हैदराबादला, सुनेकडं. हे भाऊ? ते बी तिकडंच. तुळसाबाई सरळपणानं सांगत गेल्या आणि मी सरळपणानं लिहीत गेले. स्थलांतरित, स्थलांतरित, स्थलांतरित. शंभरावर नावं तशी निघाली. सरांनी मेलेल्यांतलं एकही नाव ठेवलं नव्हतं, आणि गाव सोडून गेलेल्यांतलं एकही काढलं नव्हतं. मला आश्चर्य वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, जरा आनंदही झाला. सरांची चूक सापडली होती.

मग एका प्लॉटवर आले तर नुसत्या बाभळी. यादीत पत्ता तोच. नाव सरांचं.

मी पत्ता पुन्हा एकदा ताडून पाहिला. सर कुठं राहतात ते मला माहीत होतं, ते इथं राहत नाहीत हेही. इथं राहत नसलेल्याचं नाव वगळायचं, हा कामाचा नियम होता. स्थलांतरित, मी लिहिलं. त्यांना सांगायला हवं होतं. तेव्हा ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला लातूरला होते. नंतर सांगते, सांगते म्हणत राहिले. नोटीस जाईलच, असंही मनाला समजावलं. नोटीस गेली ती यादीतल्या पत्त्यावर, म्हणजे बाभळींना.

तहसीलमध्ये माझं कौतुक झालं. मग मतदान केंद्रांचं सुसूत्रीकरण आलं. यादी फार लहान उरली होती, म्हणून ती बोरगावच्या यादीत जोडली. चिंचसांगवी हे शीर्षक गेलं. खाली बारीक अक्षरात 'पुनर्वसन वसाहत' एवढा विभाग राहिला. तो कागद माझ्याकडं आला तेव्हा मी वाचला आणि फायलीला लावला. खरं सांगते, तेव्हा मला काही वाटलं नाही.

मतदानाच्या दिवशी मी बोरगावच्या शाळेबाहेर टेबल टाकून, यादी घेऊन बसले होते. दहाच्या सुमाराला दोन जीपगाड्या आल्या. सर दर निवडणुकीआधी चिंचसांगवीच्या माणसांना, असतील तिथं, पोस्टकार्डं टाकत, हे मला माहीत नव्हतं. माणसं पुण्याहून, हैदराबादहून रात्रभर प्रवास करून येत. मत टाकत, मग तुळसाबाईच्या दारात भात, वरण आणि वांग्याची भाजी जेवत, एकमेकांची लग्नं जमवत आणि परत जात. त्यांची जत्राच ती. कडक इस्त्रीचा सदरा घालून सर पुढं होते. वसाहतीच्या माणसांची नावं सापडली. जीपमधल्या एकाचंही सापडलं नाही.

गलका झाला. कुणी म्हणालं हे राजकारण आहे, कुणी म्हणालं आम्हाला मेलेले म्हणून खोडलं. सरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. चष्मा लावून यादीची पानं उलटली. मग मला विचारलं, चिंचसांगवीचं पान कुठं आहे? मी सांगितलं. ते कोरड्या आवाजात म्हणाले, "तुमी केलं?"

मी हो म्हणाले.

सर टेबलाला हात टेकून उभे राहिले. नंतर म्हणाले, "बाई, तुमी नियमानं केलंत. इतकी वर्सं खोटी यादी मी चालवत राहिलो. डनिच मोडलं ते बरोबर झालं म्हून पोरांना शिकवत व्हतो, अन् घरी तेच करत व्हतो." मग यादी मिटून माझ्यापुढं सरकवली. "येवढंच सांगतो. मानसं न्हाई गेली कुठं. गाव गेलं. गाव गेल्याचा रकाना हाय का तुमच्या फॉर्मात?"

नव्हता. ते माणसांकडं वळले, जेवून जाऊ चला, म्हणाले, आणि जीपमध्ये बसले. मला कळलं की त्यांनी मला 'बाई' म्हटलं होतं. रागावले असते, चार शब्द सुनावले असते, तर बरं वाटलं असतं. तो 'बाई' मला पुढं कितीतरी दिवस टोचत राहिला.

निवृत्तीनंतरही सर शनिवारी पोरांना इंग्रजी शिकवायला शाळेत येत. येत राहिले, पण बाक सरळ झाले. हजेरीत नुसती नावं. मामांनी दोन्ही केरसुण्या काढून समोर ठेवल्या तर म्हणाले, केर काढा. मी माफी मागायला दोनदा गेले. दोन्ही वेळा त्यांनी शेंगा पुढं केल्या आणि माफी कसली, म्हणाले. मी घरी येऊन नवऱ्यावर चिडले. त्या बिचाऱ्याचा काय संबंध?

मग उन्हाळ्यात कानावर आलं की पार्लमेंट सरांनी प्लॉटवरच्या बाभळी तोडायला माणसं लावली आहेत. साठी उलटलेला माणूस, एका डोळ्यानं नीट दिसत नाही, शाळेजवळ चांगली नळाची खोली. ते सगळं सोडून त्यांनी बोडक्या माळावर दोन खोल्या बांधल्या, वर पत्रा. सरांचा पुतण्या पुण्याहून येऊन भांडून गेला. दिवाळी झाली आणि सर शाळेत माझ्यापुढं येऊन उभे राहिले. हातात सहा नंबरचा फॉर्म होता, नवीन नाव नोंदवण्याचा. "घर बघायला या," म्हणाले. "नियमानं. मी तिथं राहतो का न्हाई ते बगा, अन् मगच सही करा."

मी गेले. तुळसाबाई ओसरीतून बघत होत्या. सरांचं दार उघडं होतं. दोरीवर सदरा वाळत होता, दाराशी बादली, चुलीवर काहीतरी शिजत होतं, आणि खुंटीला अडकवलेल्या पिशवीतून त्या बिनकव्हरच्या पुस्तकाचा कोपरा दिसत होता. माणूस इथं राहतो, यात शंका नव्हती. मला हाक मारायची होती, पण काय म्हणून मारू? सर म्हणू? चावडीचा ओटा आठवला, आणि तिथं कुणीच बोललं नव्हतं तेही.

"माननीय सदस्य, चिंचसांगवी, घरात आहेत का?" मी म्हणाले.

आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं. सर हात पुसत दारात आले.

"हाजिर," म्हणाले.

मी तिथंच दगडावर बसून फॉर्म तपासला आणि सही केली. मला रडू आवरत नव्हतं, आणि तुळसाबाई सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होत्या, बाईला काय झालं म्हणून.

यादीचं शीर्षक परत आणणं माझ्या हातात नव्हतं. माणसंच तेवढी नव्हती, आणि खोटी नावं मी घालणार नव्हते. सरांनीही घालू दिली नसती. पण यादीच्या आत विभागाला नाव असतं, आणि ते बीएलओच्या अहवालावरून दुरुस्त होतं. 'पुनर्वसन वसाहत' काढून 'चिंचसांगवी' लिहावं, असा अहवाल मी दिला. तहसीलमधल्या कारकुनानं विचारलं, फरक काय पडतो मॅडम? मी तीन खेपा घातल्या. चौथ्या खेपेला त्यानं माझं तोंड बघूनच फाईल काढली. पुढच्या छापील यादीत ते नाव आलं. मी ते पान घेऊन सरांकडं गेले. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, चष्मा पुसला, पुन्हा फिरवलं. "छपाई बरी हाय," म्हणाले. थोड्या वेळानं आत जाऊन चुलीवर आधण ठेवलं आणि आतूनच ओरडले, "माननीय सदस्य, नांदेड, च्यात साखर किती?" मी आयुष्यात इतका गोड चहा प्याले नाही, आणि तो खरोखर फार गोड होता.

पोस्टकार्डं त्यांनी थांबवली नाहीत. फक्त मजकूर बदलला. आधी तुमच्या तिथं मत टाका, बोटाची शाई दाखवा, आणि मग जमेल त्या गाडीनं इकडं जेवायला या. पूर्वीइतके येत नसत. पण येत.

मागच्या हिवाळ्यात सर गेले. सकाळी चूल पेटली नाही म्हणून तुळसाबाईंनी दार ढकललं. मी आता लातूरला राहते, पण बदली झाली तरी मी त्यांच्याकडं येत-जात होते. निरोप आला तशी निघाले. सगळं आटोपल्यावर तिथल्या नव्या बीएलओकडून सात नंबरचा फॉर्म मागून घेतला, नाव वगळण्याचा. तो तरुण शिक्षक म्हणाला, घाई काय आहे मॅडम, पुढच्या महिन्यात करू. मी म्हणाले, एक दिवसही नाही. पत्त्याच्या जागी चिंचसांगवी लिहिलं. कारणाच्या जागी मृत लिहिलं. आणि यादीच्या माझ्या जुन्या प्रतीवर सरांच्याच लाल पेनानं सरांच्या नावावर रेघ मारली. रेघ सरळ आली.

निघताना तुळसाबाईंनी ती लाल पाठीची वही माझ्या पिशवीत घातली. सर सांगून ठेवून गेलेत, म्हणाल्या. मी ती उदगीरच्या बसमध्ये उघडली. पुढून डनिच होतं, सगळे सदस्य, बाप, मुलगा, पुतण्या, आला नाही, आला नाही, आला नाही. वही उलटी केली तर मागून दुसरी यादी सुरू होत होती. वर लिहिलं होतं, 'चिंचसांगवीचे प्रतिनिधी'. तेच चार रकाने. निजामाच्या काळातले पाटील, मग सरपंच, शेवटच्या सरपंचाच्या पुढं 'चावडीचं कुलूप यानंच लावलं'. नंतर दोन ओळी कोऱ्या. स्वतःचं नाव सरांनी घातलेलं नव्हतं.

आणि सगळ्यात खाली, डोळा अधू झाल्यानंतरच्या त्या वाकड्या अक्षरात, एक नाव होतं. माझं. माहेरचं, सासरचं, पूर्ण, एकही अक्षर न चुकवता. वीस वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांच्या खोलीत त्यांनी ते एकदाच ऐकलं होतं. कुणाचा कोण, या रकान्यात नांदेड लिहून खोडलं होतं आणि पुढं चिंचसांगवी लिहिलं होतं.

शेरा एवढाच होता. 'घरोघर जाऊन आल्या.'